डुकराच्या आतड्यातील गिरमिट आणि डिलाईल रोडचे पाणी

जुलै महिन्यातील एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. रात्रभर पाऊस कोसळतो आहे. समुद्राला भरती आहे. डिलाईल रोडवर गुडघाभर पाणी तुंबले आहे आणि शाळा लवकर सुटली आहे. मुले चपला हातात घेऊन, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवीत घरी चालली आहेत. त्यांतल्या एकाच्या टाचेला आदल्या दिवशी क्रिकेट खेळताना खरचटले आहे. जखम एवढीशी, की त्याला तिची आठवणही नाही. पण त्या गढूळ पाण्यात एक जीव असू शकतो, आणि त्याला आपल्या शरीरात शिरायला तेवढीच जागा पुरते.

या जीवाचे नाव लेप्टोस्पायरा. त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाला मुंबईकर थोडक्यात 'लेप्टो' म्हणतात. दर पावसाळ्यात हे नाव तुमच्या कानांवर पडते. परंतु हा जंतू कसा आहे आणि तो नेमके काय करतो, हे नीट समजून घ्यायचे असेल, तर आधी त्याच्या एका भावंडाची ओळख करून घ्यावी लागेल. हे भावंड राहते डुकराच्या आतड्यात.

"डिलाईल रोडवर डुकरे कोठे आहेत?" असे तुम्ही विचाराल. बरोबर आहे. येथे पूर्वी गिरण्या होत्या, चाळी होत्या. आता टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या आहेत. डुकरे काही दिसत नाहीत. तरी थोडा धीर धरा. डुकराच्या आतड्यातून निघालेली ही वाट शेवटी तुमच्या टाचेपाशीच येणार आहे.

गुंडाळलेला केस

जीवाणूंचे आकार ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. काही गोल, मण्यांसारखे. काही लांबट, खडूच्या तुकड्यासारखे. आणि काही पीळ दिलेले, मळसूत्रासारखे. या तिसऱ्या प्रकारात एक वैशिष्ट्यपूर्ण घराणे आहे. त्याचे नाव स्पायरोकीट. ग्रीक भाषेत 'स्पायरा' म्हणजे वेटोळे आणि 'खायते' म्हणजे केस. तेव्हा स्पायरोकीट म्हणजे गुंडाळलेला केस.

या घराण्यातील दोन भावंडे आपण आज पाहणार आहोत. पहिले ब्रॅकिस्पायरा, म्हणजे आखूड वेटोळे. ते डुकराच्या आतड्यात रोग निर्माण करते. दुसरे लेप्टोस्पायरा, म्हणजे बारीक वेटोळे. नाव अगदी योग्य आहे. लेप्टोस्पायराची लांबी साधारणपणे ६ ते २० मायक्रोमीटर असते, पण जाडी मात्र केवळ ०.१ मायक्रोमीटर. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे तुमच्या मोजपट्टीवरील एका मिलिमीटरच्या जागेत असे दहा हजार जंतू शेजारी शेजारी उभे राहतील! ते इतके बारीक असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकातून नेहमीच्या प्रकाशात ते दिसतच नाहीत. त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर तिरपा प्रकाश टाकणारी खास रचना वापरावी लागते. अंधाऱ्या खोलीत उन्हाची तिरीप आली, की हवेतले धूलिकण कसे चमकू लागतात? तसे हे जंतू तेथे चमकतात आणि वळवळताना दिसतात.

गिरमिट पुढे कसे सरकते?

आता एक साधा प्रयोग करा. घरातील मोठ्या माणसाला सोबत घ्या. एक स्क्रू आणि साबणाची एक वडी घ्या. स्क्रू प्रथम हवेतच गोल फिरवा. तो जागच्या जागी फिरतो. पुढे जात नाही. आता त्याचे टोक साबणावर टेकवून फिरवा. प्रत्येक फेऱ्याला तो थोडा थोडा आत शिरतो. असे का झाले? हवेत स्क्रूच्या आट्यांना धरायला काही नव्हते. साबणात त्यांना पकड मिळाली. सुताराचे गिरमिट लाकडात शिरते ते याच तत्त्वावर.

स्पायरोकीट पोहतात ते असेच. इतर अनेक जीवाणूंना पोहण्यासाठी शेपटीसारखे तंतू असतात. हे तंतू शरीराच्या बाहेर असतात आणि बोटीच्या पंख्यासारखे फिरतात. पातळ पाण्यात ही बोट झपाट्याने जाते. पण चिकट, दाट द्रवात ती अडकून पडते. स्पायरोकीटांनी मात्र एक वेगळीच युक्ती साधली आहे. त्यांचे तंतू बाहेर नसून आत असतात. जंतूचे शरीर आणि त्याचे बाहेरचे पातळ आवरण यांच्या मधल्या जागेत, दोन्ही टोकांपासून ते निघतात. हे तंतू आतल्या आत फिरले, की जंतूचे सबंध शरीरच पिळासारखे फिरू लागते. म्हणजे हा जंतू बोटीसारखा नाही, तर स्क्रूसारखा आहे. त्यामुळे जेथे इतर जीवाणूंची दमछाक होते, त्या चिकट द्रवात त्याची पकड उलट चांगली बसते.

लेप्टोस्पायराला प्रत्येक टोकाशी असा एक एक तंतू असतो. डुकरातील ब्रॅकिस्पायराला प्रत्येक टोकाशी अनेक तंतू असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सारी कथा या आतल्या तंतूंभोवतीच फिरते.

डुकराच्या आतड्यात

आपल्या मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला श्लेष्म्याचा, म्हणजे शेंबडासारख्या बुळबुळीत द्रवाचा एक थर असतो. डुकराच्या आतड्यातही तो असतो. आतड्यात अब्जावधी जीवाणू राहतात. त्यांना भिंतीपासून दूर ठेवणारा हा एक तटच आहे. बहुतेक जीवाणू या चिकट थरात रुततात आणि विष्ठेबरोबर बाहेर फेकले जातात.

परंतु चिकट थर म्हणजे स्क्रूला साबणच! 'ब्रॅकिस्पायरा हायोडिसेंटेरिई' हा जंतू डुकराच्या मोठ्या आतड्यात पोचला, की श्लेष्म्याचा माग काढीत तो त्याच्याकडेच पोहत जातो. थर भेदून तो आतड्याच्या भिंतीतील बारीक बारीक विवरांत शिरतो व तेथे वाढतो. त्याच्यापासून निघणाऱ्या विषारी द्रव्यांनी भिंतीवरील पेशी खराब होतात. मोठ्या आतड्याचे एक मुख्य काम म्हणजे अन्नरसातील पाणी शोषून परत शरीरात घेणे. पेशीच बिघडल्या, की हे काम थांबते. डुकराला रक्त आणि आव पडू लागते, अंगातले पाणी कमी होते, ते खंगते आणि त्याची वाढ खुंटते. काही डुकरे दगावतात. वाढीच्या वयातील डुकरांना हा रोग अधिक होतो. ज्या कुटुंबाचे पोट आठ-दहा डुकरांवर चालते, त्याच्या दृष्टीने हे मोठेच संकट असते.

याच घराण्यातील 'ब्रॅकिस्पायरा पिलोसिकोली' हा जंतू थोडा सौम्य आहे. तो आपले एक टोक आतड्याच्या पेशीत रोवतो आणि बाकीचे शरीर मोकळे ठेवतो. असे असंख्य जंतू शेजारी शेजारी रोवले गेले, की आतड्याची भिंत सूक्ष्मदर्शकाखाली केसाळ दिसू लागते. त्याच्या नावाचा अर्थच 'केसाळ आतड्याचा' असा आहे. हा जंतू डुकरांखेरीज कोंबड्या, कुत्री आणि माणसे यांच्या आतड्यांतही सापडतो. जेथे पिण्याचे पाणी आणि मैला यांची नीट व्यवस्था नाही, तेथील माणसांत तो अधिक आढळतो.

पन्नास वर्षांचे कोडे

डुकरांच्या या रक्ती हगवणीचे वर्णन अमेरिकेत १९२१ साली प्रसिद्ध झाले. पण तिचा जंतू नक्की कोणता, हे समजायला १९७१-७२ साल उजाडले. एवढी पन्नास वर्षे का लागली?

पहिले कारण असे, की या जंतूला प्राणवायू मानवत नाही. प्रयोगशाळेतील उघड्या बशीत, जेथे इतर जीवाणू मजेत वाढतात, तेथे तो वाढतच नाही. शास्त्रज्ञ जे दिसते त्याच्यामागे धावत होते आणि खरा गुन्हेगार बशीत उगवतच नव्हता.

दुसरे कारण अधिक मौजेचे आहे. काही डुकरे शास्त्रज्ञांनी जन्मापासून संपूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवली. त्यांच्या आतड्यात एकही जीवाणू नव्हता. त्यांना केवळ हा जंतू दिला, तर खरा रोग होत नसे! त्याच्याबरोबर आतड्यातील काही इतर जीवाणू दिले, की मात्र रोग दिसू लागे. म्हणजे या चोराला घर फोडता येते, पण सोबती असल्याशिवाय चोरी करता येत नाही. एक रोग, एक जंतू, असे सोपे गणित निसर्गात नेहमीच जुळत नाही, हे यावरून दिसते.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवू. एखाद्या गोठ्यातील सगळी आजारी डुकरे काढून टाकली, तरी काही दिवसांनी हा रोग तेथे पुन्हा उद्भवे. हा जंतू मधल्या काळात राहतो कोठे? एक उत्तर ओल्या विष्ठेत सापडले. थंड हवेत तो तिच्यात कित्येक आठवडे तग धरतो. दुसरे उत्तर गोठ्यातील धान्यावर जगणाऱ्या उंदरांत सापडले. हे उंदीर स्वतः ठणठणीत असतात, पण महिनोन् महिने जंतू बाळगतात.

उंदीर! आता आपण डिलाईल रोडच्या जवळ येऊ लागलो.

प्रश्नचिन्हासारखा जंतू

डिलाईल रोडवरून, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावरून, करी रोडचा पूल ओलांडून पुढे परळला गेलात, तर तेथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याची स्थापना १८८६ साली झाली. योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मनीत अडॉल्फ वाइल या डॉक्टरांनी एका विचित्र तापाचे वर्णन केले. रोग्याला जोराचा ताप येई, डोळे व त्वचा पिवळी पडे आणि मूत्रपिंडे काम करीनाशी होत. कारण मात्र ठाऊक नव्हते.

१९०७ साली अमेरिकेत स्टिम्सन या संशोधकाने एका मृत रोग्याच्या मूत्रपिंडाचा पातळ काप तपासला. हा माणूस पीतज्वराने मेला असावा, असा समज होता. स्टिम्सनला त्या कापात पीळदार जंतू दिसले. त्यांची टोके आकड्यासारखी वळलेली होती, थेट प्रश्नचिन्हासारखी. म्हणून त्याने जंतूला 'इंटरॉगन्स', म्हणजे प्रश्न विचारणारा, असे नाव दिले. हेच नाव आजही टिकून आहे.

पुढे १९१५ साली जपानमध्ये इनादा आणि इदो यांनी या कोड्याचा उलगडा केला. क्यूशू बेटावरील कोळशाच्या खाणींत ओलीत काम करणाऱ्या मजुरांना हा ताप येत असे. रोग्याचे रक्त त्यांनी गिनीपिगला टोचले. गिनीपिग आजारी पडले आणि त्यांच्या शरीरात पीळदार जंतू सापडले. त्याच सुमारास जर्मन शास्त्रज्ञांनीही हा जंतू स्वतंत्रपणे शोधून काढला. जपानी शास्त्रज्ञांनी पुढे हेही दाखवले, की हा जंतू उंदरांच्या मूत्रपिंडात मुक्कामाला असतो.

आणि डुकरे? तीही या कथेत आहेतच. लेप्टोस्पायराचे काही प्रकार डुकरांच्या मूत्रपिंडात राहतात. स्वित्झर्लंडमध्ये डुकरे राखणाऱ्या मुलांना व माणसांना होणाऱ्या एका तापाला 'डुक्करराख्यांचा रोग' असेच नाव पडले होते. पुढे तोही लेप्टोस्पायराचाच निघाला. आतड्यातील ब्रॅकिस्पायरा विष्ठेतून बाहेर पडतो, तर मूत्रपिंडातील लेप्टोस्पायरा मूत्रातून. वाट वेगळी, गिरमिट तेच.

मूत्रपिंडापासून टाचेपर्यंत

मुंबईला उंदरांचे वावडे नवे नाही. १८९६ साली या शहरात प्लेगची साथ आली, तीही उंदरांच्या मागोमाग. त्या साथीमुळेच वाल्डेमार हाफकिन येथे लस तयार करण्यास आले आणि परळची हाफकिन संस्था उभी राहिली. परंतु प्लेगचा जंतू उंदराच्या अंगावरील पिसवेतून माणसाकडे येतो. लेप्टोला पिसू लागत नाही. त्याला लागते पाणी.

उंदराच्या किंवा घुशीच्या मूत्रपिंडातील नळ्यांत हे जंतू राहतात. उंदराला त्यांचा त्रास होत नाही. तो जेथे जाईल तेथे मूत्राबरोबर जंतू टाकीत जातो. गटाराच्या काठावर, कचऱ्याच्या ढिगावर, जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर हे जंतू लवकर मरतात. मेच्या उन्हात त्यांचे काही चालत नाही. पण पावसाळ्यात ओली माती आणि साचलेले गोडे पाणी मिळाले, की ते कित्येक दिवस, कधी कधी काही आठवडेही जगतात.

मुंबईतील पावसाचे पाणी वाहून नेणारी जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती. त्यांची क्षमता पुढे वाढवण्यात येऊ लागली. तरी मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, की पाणी समुद्रात जाऊ शकत नाही आणि परळ, हिंदमाता यांसारखे सखल भाग भरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लक्षावधी माणसे तासन् तास पाण्यातून चालत घरी गेली. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईच्या रुग्णालयांत लेप्टोचे रोगी एकाएकी वाढले. पूर त्या एका दिवसाचा. रोग मात्र नंतर उगवला.

त्याचे कारण आता तुम्हीच सांगू शकाल. खरचटलेल्या टाचेतून, पायाच्या भेगेतून, किंवा घाण पाणी डोळ्यांत, नाकातोंडात गेल्यास तेथील नाजूक त्वचेतून, हे गिरमिट आत शिरते. पीळदार शरीर फिरवीत ते पेशींच्या मधून वाट काढते आणि रक्तात पोचते. तेथून यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे अशा ठिकाणी त्याचा प्रवास होतो. या काळात रोग्याला काहीच जाणवत नाही. साधारणपणे पाच ते चौदा दिवसांनी अचानक ताप चढतो, डोके दुखते, डोळे लाल होतात आणि विशेष म्हणजे पोटऱ्या फार दुखतात. पुष्कळांचा आजार एवढ्यावरच थांबतो. काहींना मात्र कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होतो. अशा वेळी जिवावर बेतते.

मग आपण काय करावे?

या जंतूचे सामर्थ्य आपण पाहिले. त्याचे दुबळेपणही त्याच्या राहणीतच दडलेले आहे. त्याला उंदीर हवा, ओल हवी आणि शिरायला जागा हवी. या तीनांपैकी जे आपल्या हातात असेल, ते त्याला मिळू द्यायचे नाही.

जागा देऊ नका. पायाला जखम असेल, तर तुंबलेल्या पाण्यात मुळीच उतरू नका. उतरणे भागच असेल, तर जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घाला. घरी पोचताच पाय साबणाने धुवा व कोरडे करा. साठलेल्या पाण्यात खेळू नका, हे मोठ्यांचे सांगणे आता तुम्हाला नुसता दरारा वाटणार नाही.

वेळ देऊ नका. तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, असे मुंबई महापालिकेचा आरोग्य विभाग सांगतो. गरज वाटल्यास डॉक्टर डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिबंधक औषध देतात. लहान मुलांसाठी औषध आणि त्याचे प्रमाण वेगळे असते. म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या आपण घेऊ नयेत. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना एक वाक्य आवर्जून सांगा: "मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो." पावसाळ्यात ताप अनेक कारणांनी येतो. या एका वाक्याने डॉक्टरांचे लक्ष योग्य दिशेला जाते आणि उपचार वेळेवर सुरू होतात. वेळेवर दिलेल्या औषधांना हा जंतू दाद देतो.

उंदराला अन्न देऊ नका. रक्ती हगवण गोठ्यातून घालवायची, तर डुकरे हलवावी लागतात, गोठा धुऊन कोरडा ठेवावा लागतो आणि उंदरांचा बंदोबस्त करावा लागतो. केवळ औषधांवर विसंबून चालत नाही. डुकरांना वारंवार औषधे दिल्यामुळे त्यांना न जुमानणारे ब्रॅकिस्पायरा जंतू अनेक देशांत निर्माण झाले आहेत. आपल्या वस्तीलाही हाच नियम लागू आहे. महापालिकेचे कर्मचारी रात्री हातात विजेरी आणि काठी घेऊन गल्लीबोळांतून उंदीर मारीत फिरतात. पण खिडकीतून खाली फेकलेली खरकट्याची पिशवी मेलेल्यांच्या जागी नवे उंदीर पोसते. उंदरांची संख्या शेवटी ठरते ती त्यांना मिळणाऱ्या अन्नावर.

मित्रांनो, गोठ्यातील उंदीर आणि गटारातील घूस यांच्यात तसा काही संबंध नाही. डुकराच्या आतड्यातील जंतू डिलाईल रोडच्या पाण्यात येत नाही आणि त्या पाण्यातील जंतू आतड्यात हगवण करीत नाही. पण दोघांची शरीरे एकाच नमुन्यावर घडलेली आहेत. एकाला त्या घडणीमुळे श्लेष्म्याचा तट भेदता येतो, तर दुसऱ्याला त्वचेतील फट शोधून रक्तापर्यंत जाता येते. एकाचा अभ्यास केला, की दुसऱ्याची चाल कळते. म्हणूनच माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर या जंतूंच्या बाबतीत एकमेकांकडून शिकत असतात.

पुढच्या पावसात रस्त्यावर पाणी साचेल, तेव्हा साबणात शिरणारा तो स्क्रू आठवा. आणि पाण्यात पाय टाकण्यापूर्वी एकदा आपल्या टाचेकडे पाहा.